जोगियाचे पाठभेद

गेल्या पावसाळ्यात आमचा एक माजी विद्यार्थी दोन ध्वनिमुद्रणे घेऊन कोथरूडला आमच्याकडे आला. दोन्हींतील रचना एकच, बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'. वादकही एकच, ग्लेन गूल्ड हा कॅनडाचा पियानोवादक. पहिले ध्वनिमुद्रण १९५५ चे, गूल्ड बावीस वर्षांचा असतानाचे. दुसरे १९८१ चे, त्याच्या मृत्यूच्या आदल्या वर्षीचे. पहिले ३८ मिनिटांत संपते, दुसऱ्याला ५१ मिनिटे लागतात. या तेरा मिनिटांतील काही भाग उत्तरकाळी घेतलेल्या पुनरावृत्तींचा आहे हे खरे. पण उरलेला काळ कुठून आला, हा आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न होता. तरुण गूल्ड धावत सुटतो आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा गूल्ड प्रत्येक सुरापाशी थांबून जणू त्याची विचारपूस करतो, इतके आमच्यासारख्या अनभिज्ञांनाही कळले. दोन्हींत मधूनच त्याचे गुणगुणणेही ऐकू येते. ते आम्हांला फार आवडले.

त्या संध्याकाळी एक गोष्ट मात्र आमच्या ध्यानात राहिली. विद्यार्थ्याच्या हातात छापील स्वरलिपी होती. १७४१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या रचनेचा प्रत्येक स्वर कागदावर नोंदलेला होता आणि गूल्ड कुठे काय करतो हे तो त्या कागदावर बोट ठेवून दाखवत होता. (ती रचना मुळात पियानोसाठी नव्हेच, दोन पट्ट्यांच्या हार्प्सिकॉर्डसाठी आहे; म्हणजे पियानोवर ती वाजवणे हाच एक पाठभेद. पण ते असो.) जाताना त्याने विचारले, "सर, आपल्याकडे असे काय आहे, की ज्याची दोन ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवून असे बोट ठेवता येईल?" आम्ही दोघांनीही क्षणाचा विलंब न लावता सांगितले, "जोगिया."

उत्तर इतक्या झटपट सुचण्याला कारण होते. त्याआधी थोडेच दिवस मयूर कॉलनीतील एक जुना बंगला पुनर्विकासासाठी रिकामा होत होता. त्याच्या मालकीणबाईंनी सासऱ्यांच्या संग्रहातील ७८ फेऱ्यांच्या चाळीसेक तबकड्या आमच्या हवाली केल्या होत्या. "भंगारवाला घेत नाही, लाखेच्या आहेत म्हणतो," असे त्या म्हणाल्या. दोन तबकड्यांना तडे गेले होते, काहींवरची नावे वाळवीने खाल्ली होती. पण एकीवरचे नाव शाबूत होते: अब्दुल करीम खाँ. राग जोगिया, ठुमरी 'पिया के मिलन की आस'. हीच ठुमरी पंडित भीमसेन जोशी यांनीही गायिलेली आहे आणि ती आमच्या पिढीला तोंडपाठ आहे. खाँसाहेबांचा शिष्य सवाई गंधर्व, सवाई गंधर्वांचा शिष्य भीमसेन. एकच चीज, एकच घराणे आणि मध्ये दोन पिढ्यांचे अंतर. तुलनेसाठी याहून सोयीचे उदाहरण ते कोणते?

आम्ही मराठीचे अध्यापक. तुलना म्हटली की आमची बुद्धी पाठचिकित्सेकडे धावते, आणि पुण्यात ती तशी धावली तर नवल नाही. कोथरूडहून विधी महाविद्यालयाच्या रस्त्याला लागले की भांडारकर संस्था येते. तेथे १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले, विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याला शास्त्रीय शिस्त लावली आणि १९६६ साली ते पूर्णत्वास गेले. देशभरातील हस्तलिखिते जमवायची, त्यांची कुळे लावायची, लेखनिकाने घातलेली भर आणि त्याच्या हातून झालेले प्रमाद वेगळे काढायचे आणि उपलब्ध पुराव्यात जो पाठ अधिकात अधिक जुना ठरेल तो वर छापून बाकीचे तळटीपांत ठेवायचे, अशी ती रीत. वर्गात ज्ञानेश्वरी शिकवतानाही आम्ही हेच करतो. शके १५०६ मध्ये नाथांनी केलेली पाठशुद्धी, १९०९ मध्ये राजवाड्यांनी प्रसिद्ध केलेली प्रत आणि त्यांतील रूपांचा फरक. तेव्हा जोगियाचेही तसेच करू, असे आम्ही ठरवले. खाँसाहेबांची तबकडी हा मूळ पाठ, भीमसेनजींचे गायन हा उत्तरकालीन पाठ. फळ्यावर आखतात तसे कोष्टक आखले आणि ऐकायला बसलो.

पहिलाच घोटाळा आमच्या यंत्राने केला. तीन संध्याकाळी तबकडी ऐकून आम्ही खाँसाहेबांचा षड्ज पेटीवर जुळवला, भीमसेनजींचा जुळवला, दोहोंतील अंतर मांडले आणि त्यावर थोडे तत्त्वचिंतनही केले: तारस्वरातील आर्तता वगैरे. चौथ्या संध्याकाळी तोच विद्यार्थी एक कागदी चकती घेऊन आला. तिच्या कडेने ७७ काळ्या रेघा होत्या. फिरत्या तबकडीवर ती ठेवून जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली पाहिले आणि रेघा स्थिर दिसल्या, तर यंत्राचा वेग मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जवळपास असतो. आमच्या रेघा भराभर पुढे सरकत होत्या. यंत्र ब्याऐंशी-त्र्याऐंशी फेऱ्यांनी धावत होते. वेग सहा टक्क्यांनी वाढला की आवाज अर्ध्या सुराने चढतो. म्हणजे आमच्या कोष्टकात खाँसाहेब अर्धा सूर वर गात होते आणि तीन मिनिटांची ठुमरी दहा-अकरा सेकंद आधी संपत होती. वर त्या काळातील सगळ्याच तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर घेतल्या जात असेही नाही. पोथी उतरवणारा लेखनिक डुलकी घेतो तेव्हा एखादे अक्षर गळते. येथे यंत्र हाच लेखनिक, आणि त्याची डुलकी सबंध आवाजाचे वयच बदलून टाकते. आमचे तारस्वराचे चिंतन आम्ही निमूटपणे खोडले.

वेग दुरुस्त केल्यावरही खाँसाहेबांचा आवाज उंच, निमुळता आणि गोडच राहिला, आणि आमचा जीव भांड्यात पडला. ज्यांनी तो ऐकलेला नाही त्यांना त्याचे वर्णन करून सांगणे कठीण आहे. त्यात भरघोसपणा नाही. तो घशातून नव्हे तर एखाद्या तारेतून निघाल्यासारखा वाटतो. सूर लागतो तो कणभरही न हलता लागतो आणि मग हलतो तेव्हा जीव हलल्यासारखा हलतो. १८७२ साली कैरान्यात जन्मलेला हा गवई बडोदे, मुंबई, पुणे असे करीत अखेर मिरजेला स्थिरावला. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात त्यांनी ध्वनिमुद्रणे दिली होती. तेव्हा कर्ण्यापुढे तोंड करून मोठ्याने गावे लागे. त्यांच्या ज्या तबकड्या घराघरांत पोचल्या त्या मात्र नंतरच्या, मायक्रोफोनच्या काळातल्या. नाजूक आवाजाला त्या यंत्राने न्याय दिला. तंबोरा मात्र त्यात जवळजवळ हरवतो. तंबोऱ्याची जवारी लावण्यात ज्यांचा हात धरणारा विरळा आणि ज्यांच्या मिरजेत आजही तंबोरे घडतात, त्यांच्याच तबकडीत तंबोरा कान देऊन शोधावा लागतो.

जोगिया हा सकाळचा राग. ऋषभ आणि धैवत कोमल, आरोहात गंधार-निषाद नाहीत. नाव आणि भाव दोन्ही जोग घेतलेल्याचे. त्याचा सारा जीव त्या कोमल ऋषभात आहे. पेटीवर किंवा पियानोवर त्या ऋषभाला एकच जागा असते, ती पट्टी दाबली की काम झाले. खाँसाहेबांचा ऋषभ त्या पट्टीवर सापडत नाही. तो तिच्या किंचित खाली आहे, आणि षड्जाकडे झुकत असल्यामुळे खाली आहे. श्रुतींचा हा प्रश्न त्यांच्या हयातीत याच मुलखात हिरिरीने लढवला गेला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले, क्लेमंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाने तो विचार पुढे नेला, श्रुतींची हार्मोनियम तयार झाली, आणि या मंडळींच्या सिद्धान्ताला खाँसाहेबांनी आपल्या गळ्याचा आधार दिला. सगळ्याच पंडितांना ते पटले नाही. आमचे मत विचाराल तर बावीस हा आकडा खरा की खोटा याला फारसे महत्त्व नाही. ज्याला आपला ऋषभ पट्टीवर बसत नाही हे ठाऊक होते असा गवई पट्ट्या वाढवू पाहणाऱ्यांच्या शेजारी जाऊन बसला, हे मात्र महत्त्वाचे. आमच्या विद्यार्थ्याची स्वरलिपी येथे कामाला येत नाही, ती याच कारणाने. भातखंडे पद्धतीने जोगिया लिहिता येतो. त्या लिपीत कोमल ऋषभाखाली एक आडवी रेघ येते, आणि खाँसाहेब व भीमसेन यांतील सगळा फरक त्या रेघेच्या आत राहतो.

आता दुसरा पाठ. गदगच्या एका दुकानात लागलेली खाँसाहेबांची झिंझोटीतील 'पिया बिन' ही तबकडी ऐकून लहानग्या भीमसेनला वेड लागले आणि १९३३ साली अकराव्या वर्षी तो घरातून निघून गेला, ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे. पंडितजी स्वतःच ती सांगत. या कथेत एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. मुलगा पळाला तो माणसाचे गाणे ऐकून नव्हे, यंत्राचे गाणे ऐकून. मैफल ऐकली असती तर गवयाचे बसणे, हात, तोंडाचे हावभाव, दाद, पुन्हा पुन्हा घेतलेली तीच जागा हे सगळे दिसले असते. दुकानापुढे उभ्या असलेल्या मुलाला यांतले काही मिळाले नाही. त्याला मिळाला केवळ सूर, तोही तीन मिनिटांत आटोपलेला. मग ग्वाल्हेर, जालंधर अशी भटकंती झाली आणि १९३६ च्या सुमारास कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी पाणी भरण्यापासून शिक्षण सुरू झाले. एका वाटेने गाणे लाखेवरून आले, दुसऱ्या वाटेने गुरूच्या तोंडून. भीमसेनजींच्या जोगियात या दोन वाटा एकत्र येतात असे आम्हांला वाटते.

आमच्या कोष्टकातील पहिला रकाना 'आरंभ' असा होता. खाँसाहेबांजवळ वेळ नाही. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची. तेवढ्यात रागाचे तोंड दाखवायचे, ठुमरी मांडायची, अंतरा गायचा आणि परत यायचे. ते घाई मात्र करत नाहीत, हे विशेष. जणू कुठल्याशा लांब गाण्याच्या मधोमध कोणी दार उघडले, आपण आत डोकावलो आणि दार पुन्हा लागले. भीमसेनजींच्या काळी एलपी आली, तिच्या एका बाजूला वीसेक मिनिटे मावू लागली. मैफलीतील ध्वनिमुद्रणांना तर तेवढीही मर्यादा नाही. ते दार स्वतः उघडतात, आत नेऊन बसवतात, मग गातात. आवाज रुंद आणि वजनाचा, श्वास लांब. खाँसाहेब जेथे सुराला स्पर्श करून बाजूला होतात तेथे भीमसेनजी त्यावर सगळा भार टाकून उभे राहतात. एकाची विनवणी दाराबाहेरून ऐकू येते, दुसऱ्याची घरात घुमते.

आम्हां दोघांत येथे फूट पडली आणि ती अजून सांधलेली नाही. आमच्यातील एकाचे म्हणणे असे, की जोगियाला इतके भारदस्त होणे मानवत नाही. आस सोडून न देता तिच्याकडे पाठ फिरवलेल्याचे ते गाणे आहे आणि ते निमुळत्या आवाजातच शोभते. दुसऱ्याचे म्हणणे, खाँसाहेबांच्या तबकडीत दुःख सुंदर झाले आहे आणि भीमसेनजींच्या गाण्यात ते दुःखच राहिले आहे. विद्यार्थ्याने तिसरेच सांगितले. दोन्ही ऐकताना त्याला गूल्डची आठवण झाली नाही. गूल्ड दोन्ही वेळा बाखला उत्तर देत होता. येथे दुसरा गवई पहिल्या तबकडीला उत्तर देतो आहे.

हे त्याने सांगितल्यावर आमचे कोष्टक कोलमडले. आम्ही सर्वांत जुना पाठ तो मूळ पाठ असे धरून चाललो होतो. पण खाँसाहेबांची तबकडी मूळ कुठे आहे? मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात किंवा एखाद्या दिवाणखान्यात भल्या पहाटे त्यांनी हा जोगिया किती वेळ गायिला असेल, त्यात किती वळणे असतील, हे कोणी टिपून ठेवले नाही. तबकडी हा त्या गाण्याचा संक्षेप आहे, कंपनीच्या मापाने कापलेला. सुकथनकरांच्या भाषेत बोलायचे तर आपल्याजवळ संहिता नाहीच, एक उतारा तेवढा उरला आहे. आणि त्या उताऱ्यालाच पुढच्या पिढ्यांनी संहिता मानले. भीमसेनजींचा विस्तार ही उत्तरकालीन भर म्हणून तळटीपेत टाकावी, तर कदाचित तोच विस्तार खाँसाहेबांच्या मैफलीतील, सवाई गंधर्वांच्या मुखाने आलेला, तबकडीहून जुना असेल. हे सिद्ध करण्याचे साधन नाही. पण ते असंभव नाही एवढ्यानेच आमच्या पद्धतीचा पाया निखळला.

याच घराण्याची आणखी एक शाखा पुण्यात, आमच्या अगदी जवळ वाढली. खाँसाहेबांनी १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवले. ताराबाई माने आणि त्यांची पाच मुले, त्यांत सुरेशबाबू, हिराबाई, सरस्वतीबाई. १९२२ साली ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी वडिलांचे नाव लावले नाही. हिराबाई बडोदेकरांच्या तबकड्याही त्या बंगल्यातील पेटाऱ्यात निघाल्या. त्यांचा सूर ऐकताना वडिलांची आठवण होते आणि गाणे मात्र वेगळे आहे, अधिक शांत, अधिक घरंदाज. बापलेकीच्या या दोन आवाजांत पाठभेद शोधण्याचे धाडस आम्ही केले नाही. तेथे जे तुटले होते ते ध्वनिमुद्रिकेवरून वाचता येण्याजोगे नाही. आणखी एक आवाज ओझरता सांगून टाकतो. १९३५ च्या 'देवदास' चित्रपटात सैगलांनी 'पिया बिन' गायिले आहे. त्यात घराणे नाही, तालीम नाही. आहे ती मायक्रोफोनच्या कानात सांगितलेली गोष्ट. आमच्या घरी आलेल्या एका कडव्या किराणावाल्याने ते ऐकून मान हलवली, पण तोंडाने कबूल केले नाही.

खाँसाहेब २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासेकडून पाँडेचरीला जाताना सिंगपेरुमाळकोइलच्या स्टेशनात फलाटावर वारले. देह मिरजेला आणला गेला, दर्ग्याच्या परिसरात त्यांची कबर आहे आणि उरुसात तेथे आजही गवई हजेरी लावतात. सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले. पुढच्या वर्षी भीमसेनजींनी पुण्यात गुरूच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू केला. तो भरवणाऱ्या मंडळाच्या नावातही 'आर्य संगीत' हे शब्द आहेत.

आमचा विद्यार्थी त्या महोत्सवाला पहिल्यांदाच गेला तो या सगळ्या उद्योगानंतर. दिवसचे दिवस नामवंतांचे गाणे-बजावणे ऐकले, आणि शेवटच्या रात्री सगळे कलाकार उठून गेल्यावर रिकाम्या मंचावरून सवाई गंधर्वांची भैरवीची जुनी तबकडी लावण्यात आली. महोत्सवाची सांगता तशीच करण्याची प्रथा आहे. त्याने दुसऱ्या दिवशी येऊन सांगितले: हजारो माणसे शालींत गुरफटून, खरखरणाऱ्या त्या तीन मिनिटांसाठी जागच्या जागी उभी होती. कोणी दाद दिली नाही. त्याने तेवढ्यातही घड्याळ लावून पाहिले होते, आणि यंत्राचा वेग बरोबर होता की नाही, हे कोणाला विचारावे असा त्याला प्रश्न पडला होता.